दोर कापलेली पाकोळी

लॉकडाऊन लागला तेव्हा चाइल्डकेअरमधल्या मेधाच्या शिफ्टा निम्म्यावर आल्या आणि आपल्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. पुण्यात ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्या मुलींच्या फुलदाण्या आणि निसर्गचित्रं सुधारण्यात तिची कितीतरी वर्षं गेली होती. मग नवऱ्याला, रविंद्रला, मेलबर्नमध्ये नोकरी मिळाली, व्हिसा झाला, आणि मुलीला घेऊन दोघं तिथल्या पॉइंट कुक उपनगरात येऊन राहिली. चाइल्डकेअरमध्ये ती पोरांना बोटांनी रंगवायला शिकवायची, पण त्याला चित्रकला म्हणणं म्हणजे साध्या वरणाला पक्वान्न म्हणण्यासारखं होतं.

त्या दिवसांत रविंद्र पुढच्या खोलीत दार लावून मीटिंगा करत असायचा. नववीतली रुचा आपल्या खोलीत लॅपटॉपपुढे. उरलेलं घर मेधाचं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची आणि कुंपणापलीकडे बघायची.

पलीकडे गुओ कुटुंब होतं. लान मेधाच्याच वयाची. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला, लग्न न केलेली. शाळेत असतानाच ती मेलबर्नला मावशीकडे आली होती आणि इथलीच झाली होती. तिचे आईवडील मात्र म्हातारपणी लेकीकडे आलेले. चीनमधलं वायफांग हे त्यांचं गाव. आईचं नाव सूफन. वडिलांना मेधा अंकल म्हणायची. दोन घरांमध्ये येणंजाणं असं फार नव्हतं. दिवाळीत इकडून चकल्या जायच्या, त्यांच्या नव्या वर्षाला तिकडून संत्री यायची. अंकलना इंग्रजी येत नसे, त्यामुळे ते हसून मान हलवत आणि मेधाही मान हलवी. एवढ्यावर शेजार चांगला चालला होता.

फेब्रुवारीत मात्र वावड्या उठायला लागल्या. मराठी ग्रुपवर रोज कोणी ना कोणी काहीतरी पाठवायचं. अमुक दुकानात जाऊ नका, तमुक लोकांपासून लांब राहा. मेधाला ते पटत नव्हतं. तरीही कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायला जाताना शेजारच्या ड्राइव्हवेत कोणी नाही ना, हे ती बघायला लागली होती. आपण असं करतो हे तिने स्वतःशी कधी कबूल केलं नाही.

मार्चमध्ये एकदा सुपरमार्केटच्या रांगेत लान तिच्या थोडी पुढे उभी होती. एक धिप्पाड माणूस ट्रॉली ढकलत लानपाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुमचा रोग घेऊन परत जा तुमच्या देशात." लानने मान वर केली नाही. रांगेतलं कोणी काही बोललं नाही. मेधाने फोन काढला आणि त्यात बघत राहिली. बोलायचं होतं तिला, वाक्यसुद्धा तोंडात जुळत होतं, पण ते जुळेपर्यंत तो माणूस निघून गेला. लानने आपल्याला पाहिलं की नाही, हे तिला कळलं नाही. घरी आल्यावर तिने रविंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. असल्या लोकांच्या नादी लागायचं नाही." त्याने तिचं समाधान झालं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी अंकल मागच्या अंगणातल्या टेबलावर पतंग करायला बसले.

मेधा खिडकीतून बघायची. त्यांनी आधी बांबूच्या कामट्या मेणबत्तीवर धरून वाकवल्या, दोऱ्याने बांधल्या, त्यावर पातळ पांढरा कागद ताणून चिकटवला. मग रंग काढले. पतंग आपल्याकडचा चौकोनी नव्हताच. तो एक पक्षी होता, पसरलेल्या पंखांचा, दुभंगलेल्या शेपटीचा. पाकोळी. सडपातळ, लांब कंबरेची पाकोळी. अंकल ब्रश सरळ उभा धरत आणि मनगट न हलवता अख्ख्या हाताने रेघ ओढत. इकडे ओट्यावर मेधाचं बोट आपोआप तीच रेघ ओढत असे. किती वर्षांनी कोणाचा तरी तयार हात बघायला मिळाला होता.

सूफन त्या दिवसांत हॉस्पिटलात होती. लिव्हरचा कॅन्सर. नव्या नियमांमुळे भेटायला एकालाच परवानगी होती, आणि डॉक्टरांशी बोलायला इंग्रजी लागतं म्हणून लान जायची. अंकल घरी थांबायचे. हे सगळं मेधाला लाननेच कुंपणावरून सांगितलं होतं.

एके दिवशी सकाळी टेबल रिकामं दिसलं. पतंग नव्हता. त्याच आठवड्यात मेधा पाय मोकळे करायला तळ्याकाठच्या मैदानावर गेली, आणि तिथे पाणकणसांमध्ये तिला तो दिसला. एक पंख फाटलेला, कागद दवाने ओला, शेपटीला चिखल. गळ्याशी थोडासा दोरा लोंबत होता.

लहानपणी संक्रांतीला कटलेला पतंग ज्याच्या हाती त्याचा, असा हिशेब असायचा. मेधा आणि तिचे भाऊ असल्या पतंगांमागे गच्च्यांवरून धावत. पण हा पतंग ठेवून घ्यायचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. बायको आजारी असलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने इतका जीव ओतून काहीतरी केलं, आणि वाऱ्याने ते हिसकावून नेलं. तिने तो अलगद उचलला. रांगेत आपण फोनमध्ये बघत उभ्या राहिलो होतो, ते तिला आठवलं. निदान एवढं तरी आपण करू शकतो, असं तिला वाटलं.

"सॅनिटाइझ केलंस का ते?" रविंद्रने विचारलं.

"कागद आहे तो. सॅनिटाइझ काय करायचा?"

रुचा डोकावून म्हणाली, "Mum, maybe he threw it away."

"एवढं सुंदर कोणी टाकून देतं का?" मेधा म्हणाली.

तिने तो जेवणाच्या टेबलावर पसरून वाळवला. मोडलेल्या कामटीला दुसरी जोड दिली. मैद्याची खळ शिजवली आणि फाटलेल्या पंखावर नवा पातळ कागद बसवला. मग रंगवायला बसली. दुसऱ्या पंखावर बघून ह्या पंखावर काढायचं, एवढंच काम होतं, पण तिथे ती अडली. पंखांवर फुलांच्या मधे छोटी छोटी वटवाघळं होती. आधी तिला ती पानं वाटली, नीट पाहिल्यावर कान आणि पंख दिसले. वटवाघूळ म्हणजे तिच्या लेखी अशुभच, आणि त्या वर्षी तर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. हा पतंग अंकल पुन्हा उडवतील, कोणी बघेल, कोणी बोलेल. तिने नव्या पंखावर फुलपाखरं काढली. जुन्या पंखावरच्या वटवाघळांनाही दोन-दोन रेघा जोडून त्यांची फुलपाखरं केली. काम बेमालूम झालं.

पतंग उलटा केला तर मागच्या बाजूला चिनी अक्षरं होती, वरून खाली लिहिलेली. दवाने बरीचशी विरघळून गेली होती. काही ठिकाणी नुसता राखाडी डाग उरला होता, पण शाईने कागदावर ओढलेला चरा उजेडात धरल्यावर दिसत होता. करणाऱ्याचं नाव असेल, नाहीतर काही शुभवचन. मेधाने काळी शाई घेतली आणि तो चरा धरून एकेक अक्षर गिरवलं. अर्थ कळत नसला तरी अक्षराचा तोल तिला कळत होता. कुठे जोर द्यायचा, कुठे टोक निमुळतं सोडायचं. पूर्वीपेक्षा ठसठशीत झाली अक्षरं. काम संपल्यावर तिने रविंद्रला आणि रुचाला बोलावून दाखवलं. इतक्या वर्षांत तिला असं समाधान लाभलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंकल अंगणात आले, तेव्हा तिने कुंपणावरून पतंग पुढे केला.

अंकलनी पतंगाकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी उभे राहिले. मग हळूहळू कुंपणाशी आले. पुढची बाजू पाहिली, नवा पंख पाहिला, पतंग उलटा केला. मागची अक्षरं ते बराच वेळ वाचत राहिले. मेधा हसून हातवारे करत होती, तळं तिकडे, तिथे सापडला, हे मी चिकटवलं. अंकलनी शेवटी दोन्ही हातांनी पतंग छातीशी घेतला, कंबरेत वाकून तिला नमस्कार केला, आणि आत गेले. म्हाताऱ्याला गहिवरून आलं, असं मेधाने रविंद्रला सांगितलं.

त्या आठवड्याच्या शेवटी सूफन घरी आली. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि कुंपणाच्या खांबावर एका पिशवीत पर्सिमनची फळं आली, तांबूस, टोमॅटोसारखी दिसणारी. पिशवीच्या मागून लान, आणि तिच्यामागे अंकल.

"बाबा विचारतायत, तू चित्रकार आहेस का?"

"होते," मेधा म्हणाली. "शिकवायचे."

"ते म्हणतात, हात चांगला आहे. पण ही फुलपाखरं का?"

मेधाने अवघडून कारण सांगितलं. लानने वडिलांना भाषांतर करून सांगितलं, आणि म्हातारा पहिल्यांदाच मोकळं हसला. वटवाघळाच्या चिनी नावात फू येतं, आणि सुखालाही फू म्हणतात. उच्चार एकच. म्हणून पाकोळीच्या पंखावर जितकी वटवाघळं तितकं सुख. मेधाने कपाळावर हात मारून घेतला. त्यावर खिडकीतूनही कोणीतरी हसलं. सूफन शाल गुंडाळून आत बसली होती.

अशी ओळख वाढली. पुढचे काही आठवडे, थंडीतल्या निवळ दुपारी, अंकल आपल्या टेबलावर आणि मेधा आपल्या, मधे कुंपण, अशी शिकवणी चालली. लॅबचं काम नसलेल्या दिवशी लान मधे उभी राहून दोन्हीकडचं सांगायची. ती नसली की मेधाचा फोन भाषांतर करायचा आणि काहीतरी भलतंच बोलायचा. अंकलनी सांगितलं की पाकोळ्यांचं एक कुटुंबच असतं. जाड पाकोळी म्हणजे पुरुष, सडपातळ ती बाई, छोटी ती पोरं, आणि दोन जोडून काढल्या की नवराबायको. प्रत्येकीचं डोकं, पंख, शेपटी यांचं माप ठरलेलं. त्यांच्या गावात गल्लोगल्ली पतंग करणारे होते, त्यांचे आजोबा त्यांतलेच.

जुन्या गोष्टीही निघायच्या. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका पंडिताने तीन वर्षं खपून लाकडाचा ससाणा केला म्हणे. तो एक दिवस उडाला आणि मोडला. पुढे कागद आला आणि पतंग हलका झाला. वेढा पडलेल्या शहरातून पतंगावर निरोप पाठवत. कोणीतरी पतंगाला बांबूची शिट्टी लावली, ती वाऱ्यात तंतुवाद्यासारखी वाजायची, म्हणून पतंगाला त्यांच्याकडे वाऱ्याचं वाद्य म्हणतात.

"आणि वसंतात," अंकल एकदा म्हणाले, "थडगी झाडायचा सण असतो. तेव्हा सगळे पतंग उडवतात." एवढं बोलून ते थांबले आणि मेधाच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, शेपटी जाड झाली.

मेधाला तो पतंग रोज दिसायचा. सूफनच्या पलंगासमोरच्या भिंतीवर अंकलनी तो टांगला होता, आणि पडदा सरकवलेला असला की मेधाच्या अंगणातून दिसायचा. आपण दुरुस्त केलेला पंख सूफनच्या डोळ्यांसमोर असतो, याचा मेधाला अभिमान होता. भारतातल्या मैत्रिणींना तिने त्याचा फोटोही पाठवला.

जुलैत पुन्हा लॉकडाऊनचं कुलूप लागलं. सूफनचं खाणं सुटलं. पडदा बंद राहायला लागला. ऑगस्टमध्ये, नियम सगळ्यांत कडक असताना, ती गेली. अंत्यविधीला मोजकीच माणसं चालणार होती. मावशीच्या घरचे आणि हे दोघं धरून ती संख्या भरली. मेधाने तो विधी लॅपटॉपवर पाहिला. कॅमेरा कुठेतरी उंचावर बसवलेला होता, त्यात अंकलचं फक्त टक्कल दिसत होतं.

जाता येत नाही, जवळ बसता येत नाही, डबा दिला तरी दारात ठेवून मागे सरायचं. मेधाने ठरवलं की आपण चित्र द्यायचं. तिने चांगल्या कागदाचं कार्ड केलं, त्यावर सडपातळ पाकोळी काढली, अंकलनी शिकवलेल्या मापाने, पंखांवर ह्या वेळी नीट वटवाघळं. एका बाजूला जागा उरली होती. तिथे तिला पतंगामागची अक्षरं आठवली. तिच्याकडे फोटो होता. त्यातलं जे अक्षर तिला आकाराने सगळ्यांत देखणं वाटलं होतं, ते तिने मोठं, काळ्या शाईने कार्डावर उतरवलं.

लान अंगणात कपडे वाळत घालत होती. मेधाने मास्क लावला आणि कार्ड कुंपणावरून दिलं. "अंकलना दे. आणि आंटींच्या फोटोपाशी ठेवा."

लानने कार्ड उघडलं. हातातला ओला टॉवेल तिने परत बादलीत टाकला.

"हे अक्षर तू कुठून घेतलंस?"

"पतंगाच्या मागे होतं ना. मीच गिरवलं होतं. चुकलं का?"

"नाही, बरोबर आहे." लानने मागे घराच्या दाराकडे पाहिलं. "मेधा, हे बाबांना नको दाखवूया."

"का? काय लिहिलंय?"

"आजार," लान म्हणाली. "ह्याचा अर्थ आजार."

मेधाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"मलासुद्धा माहीत नव्हतं," लान म्हणाली. "मी इथे वाढले. आई गेल्यावर मी बाबांना विचारलं, तो पतंग आईबरोबर द्यायचा का. ते नाही म्हणाले, आणि मग त्यांनी सांगितलं. थडगी झाडायच्या सणाला पतंगावर घरातल्या आजारी माणसाचं नाव लिहितात. खाली त्याचं दुखणं. मग पतंग खूप उंच जाऊ देतात आणि दोर कापतात. पतंग जातो, त्याच्याबरोबर दुखणं जातं. वारा आणि पाऊस अक्षरं धुऊन टाकतात. तो कोणी उचलत नाही. दुसऱ्याचा पडलेला पतंग तिकडे कोणी घरात आणत नाही."

"मग मी..." मेधा म्हणाली.

"तुला कसं माहीत असणार?" लान म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण तिने कार्ड मिटून मेधाकडे परत दिलं.

मेधा घरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. दोऱ्याचं ते टोक तिला आता आठवलं. ते विस्कटलेलं नव्हतं, कात्रीने कापावं तसं सरळ होतं. दवाने राखाडी झालेली अक्षरं आठवली. धुतली जात होती ती. निम्मी गेलीही होती. तिने उजेडात धरून चरे शोधले होते, जोर कुठे, टोक कुठे, सगळं बघून आजार पुन्हा काळाभोर केला होता, आणि हसत हसत त्या माणसाच्या हातात दिला होता.

रविंद्रने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघ," तो म्हणाला, "पतंगाने कॅन्सर जात नाही आणि पतंगाने परतही येत नाही. तुला माहितेय."

"माहितेय."

"मग?"

"त्यांना हॉस्पिटलात जाऊ देत नव्हते. इंग्रजी येत नाही, डॉक्टरांशी फोनवरही बोलता येत नाही. बायकोसाठी करण्यासारखं एकच काम त्या माणसाकडे होतं, आणि ते त्याने केलं होतं. ते मी उलटवलं."

रविंद्रने चहा केला आणि तिच्यापुढे ठेवला.

मेधाने अंगणात जाणं सोडलं. कपडे ती आत स्टँडवर वाळवायला लागली. अंकल दुपारी बाहेर येऊन टेबलापाशी बसायचे, कुंपणाकडे बघायचे आणि आत जायचे. रुचाने ते पाहिलं. एकदा जेवताना ती म्हणाली, "He waits for you, you know. It's kind of mean." मेधाने हातातला घास ताटात परत ठेवला.

सप्टेंबरच्या मध्यावर, शेजारच्या प्लमला फुलं आली तेव्हा, ती एका दुपारी बाहेर गेली. अंकल टेबलापाशी बसले होते, लानही घरी होती. मेधाने तिला बोलावलं आणि म्हणाली, "मी जे सांगेन ते त्यांना जसंच्या तसं सांग. मला चांगलं वाटावं म्हणून बदलू नकोस. आणि ते जे म्हणतील तेही बदलू नकोस."

लान हो म्हणाली आणि कुंपणाला टेकली. मेधाने सांगितलं. पतंग वाऱ्याने गेला असं वाटलं, अर्थ माहीत नव्हता, विचारायला हवं होतं, विचारलं नाही. सुपरमार्केटमधल्या रांगेचंही सांगितलं. ते ऐकताना लानने मेधाकडे पाहिलं. "मी पाहिलं होतं तुला," ती म्हणाली, आणि मग वडिलांकडे वळून सगळं चिनीत सांगत गेली.

अंकल ऐकत होते. मग ते सावकाश, मधे मधे थांबत बोलले, आणि लानने त्यांचं इंग्रजी केलं.

"बाबा म्हणतात, तू पतंग दिलास तेव्हा त्यांना राग आला होता. फार राग आला होता. ते आत जाऊन पतंग जाळणार होते. पण तेव्हाच हॉस्पिटलातून आईचा व्हिडिओ कॉल आला, आणि तिला त्यांच्या हातात पतंग दिसला. तिने विचारलं, फुलपाखरं कोणी काढली. बाबांनी सांगितलं, शेजारच्या भारतीय बाईने. आईला ते आवडलं. घरी आल्यावर तिने तोच भिंतीवर लावायला सांगितला."

"आंटींना अक्षरांचं माहीत होतं?"

लानने विचारलं. अंकलनी मान हलवली.

"माहीत होतं. तिनेच सांगितलं की उलटा टांगू नका म्हणजे झालं. अक्षरं भिंतीकडे. बाबा म्हणतात, ते पुन्हा दोर कापू शकले असते. दुसरा पतंग करू शकले असते. तिला हा हवा होता म्हणून नाही केला. आता त्यांना वाटतं, करायला हवा होता. तिला न सांगता, गुपचूप एक करून सोडायला हवा होता. तुझ्याशी त्याचा संबंध नाही, असं म्हणतायत."

"अजून राग आहे का, विचार," मेधा म्हणाली.

लानला ते विचारायचं नव्हतं, पण तिने शब्द दिला होता. अंकलनी अंगठा आणि बोट जवळ आणून मेधाला दाखवलं. थोडा. त्याला भाषांतर लागलं नाही.

ऑक्टोबर संपता संपता कुलपं उघडली, आणि नोव्हेंबरात गुओंनी घर सोडलं. मावशीच्या जवळ, बॉक्स हिलला, जिथे अंकलना दुकानात, बागेत, डॉक्टरकडे आपल्या भाषेत बोलता येईल. लानने पत्ता दिला. "ये," ती म्हणाली. "बाबांना आवडेल." जाताना अंकल पहिल्यासारखेच कंबरेत वाकले. मेधाही वाकली.

डिसेंबरातल्या एका रविवारी मेधा, रविंद्र आणि रुचा बॉक्स हिलला गेले. लानने खूप काय काय रांधलं होतं, त्यातलं बिनमांसाचं वेगळं काढून ठेवलं होतं. सूफनचा फोटो कपाटावर होता, पुढे फळं. तो पतंग कुठल्याच भिंतीवर नव्हता. मेधाने विचारलं नाही.

जेवणानंतर अंकल आत गेले आणि एक पतंग घेऊन आले. तीच सडपातळ पाकोळी, पण पांढरीशुभ्र. त्यावर रेघ नव्हती, डोळे नव्हते, काही नव्हतं. सगळे जवळच्या बागेत गेले. अंकलनी रुचाच्या हातात रीळ दिलं, तिचा हात कसा ठेवायचा ते बोटांनी दाखवलं, आणि पतंग वर सोडला. वारा चांगला होता. कोरी पाकोळी चढत गेली. रुचा धावत होती, अंकल तिला थांब थांब म्हणून खुणावत होते, आणि रविंद्र फोटो काढत होता.

"रंगवला नाही त्यांनी?" मेधाने लानला विचारलं.

"आईनंतर त्यांनी ब्रश धरलेला नाही. हात उचलत नाही म्हणतात."

मेधाने बराच वेळ विचार केला. मग ती अंकलपाशी गेली आणि लानला म्हणाली, "विचार त्यांना. मी रंगवू का? ते सांगतील तसं, त्यांच्या मापाने. मधे माझं काही घालणार नाही."

लानने विचारलं. अंकलनी वर पाकोळीकडे पाहिलं, मग मेधाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी हळूच मान हलवली आणि दोन शब्द बोलले.

"नको म्हणतात," लान म्हणाली. "कोराच असू दे म्हणतात."

"हो," मेधा म्हणाली. "चालेल."

ऊन उतरायला लागल्यावर अंकलनी रुचाकडून रीळ घेतलं आणि दोरा गुंडाळायला सुरुवात केली. कुठेही घाई न करता, गाठ पडू न देता, त्यांनी पतंग अगदी हातात येईपर्यंत खाली आणला.

परतीच्या वाटेवर फ्रीवेला गर्दी होती. रुचा मागच्या सीटवरून म्हणाली, "Why didn't he let you paint it?"

"नको म्हणाले."

"Did you really want to?"

"हो," मेधा म्हणाली. "खूप."

रुचाने पुढे झुकून आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तो तिथेच राहू दिला. पुढची गाडी सरकली, तशी रविंद्रने आपली गाडी सरकवली.